ते पाकीट रद्दीत टाकू नका : लक्झेंबर्गला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मुलांनो आणि मुलींनो,

सप्रेम नमस्कार.

"काका, लक्झेंबर्गची ऑफर आली आहे. पगार चांगला दिसतोय. सही करू का?" असा निरोप मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी पुण्याहून, कधी नाशिकहून, कधी डोंबिवलीहून. सोबत ऑफर लेटरचा फोटो असतो आणि वर्षाच्या पगाराच्या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला असतो. त्या गोलाबाहेर कागदावर बरंच काही छापलेलं असतं. प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस किती, सामूहिक करार कोणता लागू. त्याबद्दल कुणी विचारत नाही. एकेकाला वेगवेगळं उत्तर देऊन झालं, आता सगळ्यांना मिळून लिहितो.

सही करा. मी जानेवारी २०११ मध्ये इथे आलो, फंडांच्या हिशेबाचं काम करतो, दक्षिणेकडच्या एश गावात राहतो. या देशाने मला वाईट वागवलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो गोल केलेला आकडा आला कुठून, तो टिकवायला कोण काय करतं आणि त्यात तुमचं काम काय, हे समजून घेऊन या. मला ते समजायला साडेपाच वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा नोकरी हातातून निघाली होती. मथळ्यातलं पाकीट म्हणजे नोकरदारांच्या निवडणुकीची टपालाने घरी येणारी मतपत्रिका; तिच्याकडे पुढे येतोच.

देश केवढा ते आधी सांगतो. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, लक्झेंबर्ग २,५८६. लोकसंख्या सुमारे ६ लाख ८० हजार, म्हणजे मुंबईच्या एखाद्या मोठ्या वॉर्डाएवढी. त्यातले जवळपास निम्मे परदेशी नागरिक, त्यांत सर्वात जास्त पोर्तुगीज. आणि इथे नोकरी करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक या देशात राहतच नाहीत. सुमारे २ लाख ३० हजार माणसं सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांना इथे फ्राँतालिये म्हणतात, सीमेपलीकडचे. त्यांतले निम्म्याहून जास्त फ्रान्समधले.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई फ्रान्समधल्या तिऑनव्हीलजवळच्या एका खेड्यातून येते. पाचला उठते. मेस शहरातून निघालेली गाडी तिच्या स्टेशनात येईतो ठाण्याच्या पुढे आपला डबा भरतो तशी भरलेली असते. संध्याकाळी ती ऑफिसच्या पँट्रीत डबा विसळते, फडक्याने कोरडा करते, पिशवीत ठेवते आणि सहा वाजून काही मिनिटांची गाडी पकडायला धावते. तिला घरून काम करता येतं, पण वर्षाला ३४ दिवसच. त्यापुढे गेलं की घरून काम केलेल्या दिवसांच्या पगारावर तिला फ्रान्समध्ये कर भरावा लागतो. तिचा मुलगा आजारी पडला की ती आधी मोबाईलवर दिवस मोजते आणि मग साहेबांना फोन लावते.

'जगातला सर्वात श्रीमंत देश' असं तुम्ही जे वाचता, ते दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून. या बाईने दिवसभरात केलेलं काम त्या उत्पन्नात धरलं जातं, पण डोई मोजताना तिची मोजली जात नाही, कारण ती झोपायला फ्रान्सला जाते. रांधणारे हात सगळे धरायचे आणि भागाकार मात्र पंगतीत बसलेल्या पानांनी करायचा, असा तो हिशेब आहे. देश श्रीमंत आहे यात शंका नाही, पण तो आकडा वाचताना तिऑनव्हीलची गाडी आठवायची.

पैसा कशावर उभा आहे म्हणाल तर आज मुख्यतः फंडांवर. युरोपातल्या एका देशात नोंदलेला गुंतवणूक फंड सगळीकडे विकता यावा म्हणून युरोपीय समुदायाने १९८५ मध्ये नियम केले. ते आपल्या कायद्यात सगळ्यांच्या आधी उतरवले लक्झेंबर्गने, १९८८ मध्ये. छोट्या देशाला कायदा करायला वेळ लागत नाही. तो एक धागा धरून इथे वकील आले, ऑडिटर आले, बँका आल्या, आणि मागोमाग आपण हिशेबनीस आलो. इथल्या फंडांमधली रक्कम आज ५ लाख कोटी युरोंच्या वर आहे. या धंद्यात अमेरिकेनंतर या एवढ्याशा देशाचा नंबर लागतो. या संपत्तीला डागही आहेत. मोठमोठ्या कंपन्यांचा कर नाममात्र करून देणारे इथल्या कर खात्याचे समझोते नोव्हेंबर २०१४ मध्ये जगासमोर आले, आणि आम्ही तेव्हा ऑफिसात एकमेकांकडे बघत होतो. तेही माहीत असू द्या.

पण फंडांच्या आधी इथे लोखंड होतं, आणि आज तुमच्या ऑफर लेटरमध्ये जे हक्क आहेत ते फंडवाल्यांनी मिळवलेले नाहीत. ते भट्टीवर काम करणाऱ्यांनी मिळवलेले आहेत.

मी राहतो तो दक्षिणेचा पट्टा म्हणजे मिनेट. लोखंडाच्या कच्च्या धातूमुळे माती तांबडी, कडे तांबडे. पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं, लांजा-राजापूरकडे आलो की काय. आमचं गाव तिकडचं, जांभ्याच्या घरांचं. या तांबड्या मातीत आधी इटालियन खाणकामगार आले, मग १९६० नंतर पोर्तुगीज. १९७४ मध्ये इथे ६४ लाख टन पोलाद निघालं आणि सुमारे २५ हजार माणसं त्या धंद्यात होती. साडेतीन लाखांच्या देशात २५ हजार. दुसऱ्याच वर्षी मंदी आली आणि धंदा कोसळायला लागला.

२०१५ च्या उन्हाळ्यात माझे वडील इथे आले होते. मी त्यांना बेलवालला नेलं. तिथे दोन जुन्या भट्ट्या जपून ठेवल्या आहेत. शेवटची १९९७ मध्ये विझली. आजूबाजूला आता विद्यापीठ आहे, पोरंपोरी कॉफी पीत बसलेली असतात, आणि मधोमध ते अवाढव्य गंजलेलं लोखंड उभं. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, एकवीस वर्षं. त्यांनी भट्टीच्या खांबावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग हाताला लागलेला गंज रुमालाला पुसत त्यांनी विचारलं, "हे बंद झालं तेव्हा इथल्या कामगारांचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्या भट्टीपासून वीस मिनिटांवर राहत होतो आणि मला माहीत नव्हतं. वडील काही बोलले नाहीत. ते परत गेल्यावर मी शोधायला लागलो, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो आहे. वडिलांना मी ते फोनवर सांगितलं होतं.

मंदी आल्यावर सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलाशी बसल्या. १९७७ मध्ये त्या बैठकीला कायद्याने कायमचं स्वरूप दिलं. तिला इथे त्रिपार्तित म्हणतात, तिघांची बैठक. पोलाद कारखान्यांत जे कामगार जादा ठरले त्यांना सरसकट गेटबाहेर काढलं नाही. त्यांच्यासाठी कंपनीतच एक वेगळा विभाग काढला, नावच 'संकटविरोधी विभाग'. माणूस पगारपत्रकावर राहिला, आणि गावाची, सरकारची बांधकामं-दुरुस्त्या अशी लोकोपयोगी कामं करू लागला. वय झालेल्यांना ५७ व्या वर्षी मुदतपूर्व निवृत्ती दिली. खर्चासाठी सगळ्या देशाच्या करावर अधिभार बसवला. नवी भरती थांबली, वर्षं गेली, धंदा लहान झाला, पण एकेका घराची चूल एका रात्रीत विझली नाही.

आता १९८२ हे साल बघा. मुंबईत १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. मी तेव्हा पहिलीत होतो. संपाची एक मोठी मागणी होती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, कारण त्या कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करायचा हक्क होता. कामगाराला ती नको असली तरी त्याच्या वतीने तीच बोलणार. वडील म्हणायचे, "साचा मी चालवायचा, आणि माझ्या पगाराचं बोलायला माझ्याच तोंडाला कुलूप." तो संप कुणी कधी मागे घेतला नाही, माणसं थकून गावी गेली. वडिलांना पुन्हा कामावर घेतलं नाही. पुढची सतरा वर्षं त्यांनी वॉचमनची नोकरी केली.

त्याच वर्षी ५ एप्रिलला लक्झेंबर्गमध्ये सार्वत्रिक संप झाला. फेब्रुवारीत बेल्जियमने आपला फ्रँक खाली आणला होता आणि त्याला बांधलेला लक्झेंबर्गचा फ्रँकही सोबत खाली आला. महागाई वाढणार हे दिसत होतं, आणि नेमकी तेव्हाच सरकारने महागाईप्रमाणे पगारवाढ देण्याच्या पद्धतीला कात्री लावायची ठरवली. लोक रस्त्यावर आले. कात्री काही काळ लागलीच, पण पद्धत मोडली नाही. ती आजही चालू आहे आणि तुमच्या पगारालाही लागू होणार आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

तिला इथे नुसतं 'इंडेक्स' म्हणतात. ग्राहक किमतींचा निर्देशांक अडीच टक्के चढला की देशातल्या प्रत्येकाचा पगार आणि पेन्शन आपोआप अडीच टक्के वाढते. मंत्री, फंड मॅनेजर, सफाई करणारी बाई, सगळ्यांची. अर्ज नाही, अप्रेझल नाही, साहेबांची मर्जी नाही. १९७५ च्या कायद्याने ती सगळ्या कामगारांना लागू झाली. २०२३ मध्ये महागाई भडकली तेव्हा एका वर्षात तीनदा वाढ मिळाली: फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर. एप्रिलची वाढ खरं तर २०२२ च्या उन्हाळ्यातली. तिघांच्या बैठकीत ती पुढे ढकलली गेली होती आणि सर्वात मोठी संघटना ओजीबीएल त्या करारावर सही न करता उठली होती. मे २०२५ च्या वाढीनंतर अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना २,७०३.७४ युरो झालं. कुशल असेल तर त्याच्या वर २० टक्के. इथे येऊन वर्ष झालेला आपला मुलगा मला सांगतो, "काका, कंपनीने इन्क्रिमेंट दिलं." मी पगारपत्रक मागतो. अडीच टक्के. कंपनीने दिलेलं नसतं ते. भट्टीवाल्यांनी देऊन ठेवलेलं असतं.

आता माझं सांगतो.

सप्टेंबर २०१६. मी ज्या कंपनीत होतो तिने आमच्या अकरा जणांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की तुमचं काम पुण्याला जाणार. रोज संध्याकाळी फंडाच्या एका युनिटची किंमत काढायची, तपासायची, पाठवायची, हे काम. ते पुण्यातल्या मुलांना शिकवायचं आणि निघायचं. व्हिडिओवर रोज दोन तास शिकवणी. पलीकडे चार जण, त्यांतली एक मुलगी फार हुशार होती, एकदा सांगितलं की पुन्हा विचारायची नाही. पहिले दोन आठवडे आम्ही इंग्रजीतच बोललो. एके दिवशी बाकीचे चहाला गेले आणि ती स्क्रीनजवळ वाकून हळूच मराठीत म्हणाली, "दादा, हे सगळं आमच्याकडे आल्यावर तुमचं काय?"

तिच्या आवाजात खरीच काळजी होती. मला वडिलांचा तळहात आठवला. तिचा काही दोष नव्हता, तिलाही घर चालवायचं होतं. मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी पँट्रीत आमच्या कामगार प्रतिनिधी बाई आल्या. पोर्तुगीज, पन्नाशीच्या. त्यांची आई इथे ऑफिसं झाडायची. इथे पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत कामगारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेच लागतात. मी त्यांना पाच वर्षं नुसतं 'बोंजूर' म्हणत होतो. निवडणुकीत मत दिलं नव्हतं, संघटनेचा सभासद नव्हतो. या लोकांचं काही राजकारण असेल, आपण परदेशी, आपल्याला काय करायचंय, असं मला वाटायचं. त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. मी आधीच सांगून टाकलं, मी सभासद नाही. त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. तुझी इथली तारीख कोणती?" मी जानेवारी २०११ सांगितलं. त्यांनी तारीख लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या. पाच वर्षं पूर्ण, म्हणजे नोटीस दोन नव्हे, चार महिन्यांची. मला ते माहीत नव्हतं, आणि कंपनीने तयार केलेल्या कागदावर दोनच महिने लिहिले होते.

तीस दिवसांत सात किंवा जास्त माणसं काढायची असतील तर इथे मालकाला प्रतिनिधींशी बसून सामाजिक योजनेची, म्हणजे काढल्या जाणाऱ्यांचं पुढे काय करायचं याची, बोलणी करावीच लागतात. बोलणी होण्याआधी काढण्याचं पत्र देता येत नाही. त्या बाई आणि संघटनेचा एक माणूस आमच्यासाठी बसले. अकरांपैकी चौघांना दुसऱ्या विभागात जागा मिळाली, बाकीच्यांना कायद्यात आहे त्याहून जास्त भरपाई आणि नवं काही शिकायला पैसे. मी सातांतला होतो. आडेम म्हणजे इथलं रोजगार कार्यालय. तिथे नाव नोंदवलं, बेकारी भत्ता आधीच्या पगाराच्या ८० टक्के, मुलं असतील तर ८५, वर कमाल मर्यादा. भत्ता सुरू होऊन पाच महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली. मधल्या काळात एकदाही भाडं चुकलं नाही, मुलीची शाळा बदलली नाही. माझ्या वडिलांच्या घरात १९८२ नंतर जे जे झालं, त्यातलं माझ्या घरात काही झालं नाही. हुशारीत मी त्यांच्यापेक्षा सरस नव्हतो. माझ्या वतीने बोलायला माणूस होता, एवढंच.

म्हणून आता त्या पाकिटाचं.

इथे 'शांब्र दे सालारिए' नावाची संस्था आहे, नोकरदारांची सभा म्हणू या. खासगी नोकरीतला प्रत्येक जण आपोआप तिचा सभासद असतो, वर्गणी पगारातून कापली जाते. कामगारांशी संबंधित कायद्याचा मसुदा तिच्याकडे मतासाठी जातो. तिचे ६० सदस्य आपण निवडतो, दर पाच वर्षांनी, टपालाने. मागची निवडणूक मार्च २०२४ मध्ये झाली. मतपत्रिकेचं पाकीट घरी येतं, फ्रान्समध्ये राहणाऱ्याच्या घरीसुद्धा. नागरिकत्व कुणी विचारत नाही. तुमच्या हातात भारताचा पासपोर्ट असला तरी मत आहे.

हे असंच मिळालेलं नाही. पूर्वी या सभांची वर्गणी परदेशी कामगारांच्याही पगारातून जायची, पण मत फक्त लक्झेंबर्गच्या नागरिकांना. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या आस्ती या संस्थेने आपल्या परदेशी कर्मचाऱ्यांची वर्गणी भरायला नकार दिला. मत नाही तर पैसे नाहीत. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये निकाल आस्तीच्या बाजूने लागला; त्यानंतर इथला कायदा बदलला. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कुलूप निघतं तर."

देशाच्या संसदेसाठी मात्र परदेशी माणसाला मत नाही. ७ जून २०१५ ला त्यावर सार्वमत झालं आणि ७८ टक्के लोकांनी नको म्हटलं. मला वाईट वाटलं होतं. पण त्यांची भीतीही मी समजू शकतो; स्वतःच्याच राजधानीत दहातले सात जण परदेशी असताना आपली भाषा, आपलं घर उरेल का, हा प्रश्न मुंबईच्या मराठी माणसाला परका नाही. ज्याला संसदेसाठी मत हवं त्याने नागरिक व्हावं: पाच वर्षं राहावं, लक्झेंबर्गिश भाषेची परीक्षा द्यावी. आम्ही दोघांनी दिली. त्यासाठी भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. बायको त्या दिवशी घरी येऊन देवापुढे बसून रडली. तो निर्णय ज्याचा त्याने करावा, मी कुणाला आग्रह करणार नाही. ग्रामपालिकेचं मत मात्र नागरिक न होताही मिळतं, आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची जुनी अट २०२३ च्या निवडणुकीआधीच काढून टाकली. नाव नोंदवावं लागतं, इतकंच.

आपल्या लोकांच्या घरी मी २०२४ च्या मार्चमध्ये ती पाकिटं पाहिली आहेत. न उघडलेली, बुटांच्या कपाटावर, वाणसामानाच्या जाहिरातींखाली. एका घरात मी विचारलं तर यजमान म्हणाले, "फ्रेंचमध्ये काहीतरी आहे." उत्तम शिकलेला माणूस. मी तिथेच बसून त्यांना वाचून दाखवलं. २०२९ मध्ये पुन्हा पाकीट येईल. तोपर्यंत तुमच्यातले बरेच जण इथे असाल.

आणि हे सगळं आता पक्कं झालंय, असं समजू नका. २८ जून २०२५ ला राजधानीत हजारो लोकांचा मोर्चा निघाला, ओजीबीएल आणि एलसीजीबी या दोन्ही मोठ्या संघटना एकत्र. पेन्शन, दुकानांच्या कामाच्या वेळा आणि सामूहिक करार करायचा संघटनांचा हक्क, या तिन्हींत सरकार हात घालायला निघालं होतं. आम्ही दोघं गेलो होतो. आमच्या पुढे बांधकामावरचे पोर्तुगीज, मागे सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बायका. चालता चालता त्यांतल्या एकीने बायकोच्या हातात शिट्टी दिली. भारतीय चेहरे मी शोधत होतो. फार दिसले नाहीत. फंडांत आणि बँकांत आपली एवढी माणसं आहेत, आणि त्या हक्कांचा लाभ आपण त्या गल्ल्यावरच्या बाईइतकाच घेतो.

आता दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या तुम्ही विचारणारच.

घर हा इथला खरा घोर आहे. जमीन थोड्या हातांत आहे आणि भाडं पगार खातं. इथलेच कितीतरी लोक स्वस्त घरासाठी जर्मनीतल्या ट्रिअरच्या बाजूला किंवा फ्रान्समध्ये राहायला गेले आणि तिथून कामाला येतात. काम असूनही गरिबीच्या काठावर राहणाऱ्यांचं प्रमाण युरोपात ज्या देशांत सर्वात जास्त, त्यांत हा श्रीमंत देश आहे, आणि त्याचं मोठं कारण घरभाडं. ऑगस्ट २०२४ पासून घरमालकाला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही आणि दलालाची फी निम्मी-निम्मी होते. मागितली तर हे सांगा. बस, ट्राम, रेल्वे देशभर २०२० पासून फुकट आहे, त्यामुळे गाडी लगेच घेऊ नका आणि कामाच्या जागेपासून लांब घर मिळालं तरी घाबरू नका.

पहिल्या वर्षीचा परवाना ठरावीक कामापुरता असतो, म्हणून नोकरी बदलायच्या आधी नियम वाचा. प्रोबेशनची अट कामाच्या पहिल्या दिवसाआधी किंवा त्याच दिवशी लेखी असावी लागते. जोडीदाराला घरी बसून राहावं लागेल ही जुनी भीती सप्टेंबर २०२३ पासून गेली. कुटुंब म्हणून आलेल्यालाही आता थेट नोकरी करता येते. पेन्शनसाठी इथे निदान दहा वर्षांची वर्गणी लागते, पण भारत आणि लक्झेंबर्ग यांच्यात २०११ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, तेव्हा तिकडचे पीएफचे कागद फेकू नका. पगार थकला, जादा तासांचे पैसे दिले नाहीत, तर आयटीएम म्हणजे कामगार निरीक्षण खात्यात जाता येतं. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात कामाला येणाऱ्या मुलांनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

भाषेचं म्हणाल तर फंडात इंग्रजीवर भागतं, पण पावाच्या दुकानात फ्रेंच लागतं, मुलांना शाळेत आजवर बहुतेक जर्मनमधून अक्षर ओळख होत आली आहे आणि शेजारच्या आजी लक्झेंबर्गिश बोलतात. ती शिकायला कायद्याने पगारी रजा मिळते, एकूण २०० तास. मी ती घेतली. जिन्यात 'मोयन', म्हणजे नमस्कार, म्हणून पुढे न जाता, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी त्यांच्या भाषेत केली, त्या दिवसापासून आजी माझ्यासाठी दार धरून उभ्या राहतात.

वडील २०२१ मध्ये गेले. त्यांच्या खोक्यात गिरणीचा बिल्ला, संपाच्या काळातली एक पावती आणि बेलवालला काढलेला आमचा दोघांचा फोटो होता. फोटो आता माझ्या टेबलावर आहे.

आल्यावर फोन करा. शनिवारी सकाळी बेलवालच्या भट्टीपाशी भेटू. येताना ऑफर लेटर घेऊन या, सगळी पानं.

तुमचा,
एशमधला एक फंड अकाउंटंट